खान, कान्ह आणि नाला : माळव्यातील एका लहान नदीची नामकथा

मोठ्या नद्यांना चरित्रकार शोधावे लागत नाहीत. गोदा, कृष्णा, नर्मदा यांची माहात्म्ये आहेत, परिक्रमा आहेत, त्यांच्या काठी राज्ये झाली व बुडाली, त्याचे वृत्तान्त आहेत. लहान नदीचे तसे नसते. दहा-पाच गावांची जनावरे पाजावी, चार मळे भिजवावे, श्रावणात एखादा दिवस वाट अडवून धरावी, आणि शेवटी कोण्या मोठ्या नदीच्या पात्रात आपले पाणी व आपले नावही सोडून द्यावे, एवढेच तिचे चरित्र. अशा नदीचा इतिहास लिहावयास बसले की साधने तुटपुंजी पडतात. पुष्कळदा तिचे नाव हेच तिच्याविषयीचे सर्वांत जुने साधन असते. आणि तेच जर वादात सापडले, तर हाती फारसे काही उरत नाही. इंदूर शहरातून वाहणाऱ्या व उज्जैनीजवळ क्षिप्रेस मिळणाऱ्या नदीविषयी असाच प्रसंग आज आला आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते एका भूगोलाच्या तासाला. 'आपल्या शहराची नदी कोणती?' असा साधा प्रश्न आम्ही मुलांना विचारला होता. बहुतेकांनी 'नर्मदा' असे उत्तर दिले. नर्मदा इंदुरापासून पुष्कळ दूर, विंध्याच्या पलीकडे वाहते. परंतु घरातील नळाला तिचेच पाणी येते, तेव्हा मुलांचे उत्तर अगदीच निराधार होते असे म्हणवेना. मग शाळेपासून थोड्याच अंतरावर असलेल्या पुलाची आठवण देऊन आम्ही विचारले, 'त्या पुलाखालून काय वाहते?' सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, 'नाला.' त्या एका शब्दात शंभर वर्षांचा इतिहास सामावला आहे, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले नाही. पुढे जुनी पुस्तके चाळताना व नदीकाठची गावे हिंडताना ते हळूहळू उमगत गेले.

प्रथम या नदीचा भूगोल पाहू. माळव्याचे पठार दक्षिणेकडे विंध्याच्या कड्यापाशी एकदम तुटते व उत्तरेकडे मंदपणे उतरत जाते. त्यामुळे या प्रदेशातील जलविभाजक अगदी दक्षिणेच्या टोकाला आहे. महूच्या आसपास पडलेल्या पावसाचे एक पाणी चोरल नदीने दक्षिणेस नर्मदेला जाऊन अरबी समुद्राला मिळते, तर कोस-दोन कोसांवर पडलेले दुसरे पाणी उत्तरवाहिनी होऊन चंबळ, यमुना व गंगा यांच्या मार्गे बंगालच्या उपसागराचा रस्ता धरते. चंबळ, गंभीर, क्षिप्रा या सर्व नद्या याच उताराच्या लेकी होत. आमची नदी त्यांतील धाकटी. इंदूरच्या दक्षिणेस दहा-बारा किलोमीटरांवर मुंडी गावाच्या परिसरात ती उगम पावते. नैर्ऋत्येकडून येणारी सरस्वती नावाची दुसरी एक लहान नदी शहराच्या मध्यभागी, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, तिला मिळते. तेथून पुढे उत्तरेकडे कबीटखेडीवरून सांवेर तालुक्याच्या काळ्या रानातून वाहत ती उज्जैनीच्या अलीकडे त्रिवेणी येथे क्षिप्रेस मिळते. इंदूर व उज्जैन यांमधील अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. नदीची लांबी वळणे धरून त्याहून काहीशी अधिक. एवढाच तिचा संसार.

परंतु या लहान संसारात मराठ्यांच्या इतिहासाची दोन घराणी एकत्र आली होती. नदीचा उगम व सांवेरपर्यंतचा प्रवाह होळकरांच्या राज्यात. संगम मात्र शिंद्यांच्या उज्जैनीत. १८१० साली शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरला नेले, तरी उज्जैन त्यांच्याच राज्यात राहिली. इकडे २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, पुढील जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिर झाली. महिदपूर हेही क्षिप्रेच्याच काठी. म्हणजे ज्या पाण्याच्या काठावर होळकरांचे स्वातंत्र्य गेले, त्याच पाण्याच्या एका उपनदीवर त्यांची नवी राजधानी वसली. १९४८ साली मध्यभारत संघ होऊन इंदूर व ग्वाल्हेर ही संस्थाने एक झाली, तोपर्यंत ही नदी एका दरबाराच्या हद्दीत जन्म घेऊन दुसऱ्या दरबाराच्या हद्दीत विसर्जन पावत होती.

आता तिच्या नावाकडे वळू. कालिदासाने मेघाला उज्जैनीची वाट दाखविताना या प्रदेशातील नद्या मोठ्या प्रेमाने मोजल्या आहेत. निर्विंध्या आहे, शिप्रा आहे, चर्मण्वती आहे. इतकेच काय, गंभीरेसारख्या लहान नदीलाही त्याने विसर पडू दिलेला नाही. आमच्या नदीला मात्र त्या मालिकेत स्थान नाही. त्यामुळे चंबळीमागे जशी चर्मण्वती उभी आहे, तसे संस्कृत काव्याचे पाठबळ हिच्या नावामागे नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी भूवर्णनकोशांत इंदूर हे 'कटकी' नावाच्या लहान नदीच्या डाव्या तीरावर वसलेले आहे, असे वर्णन आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी ग्रंथांत 'कटकी' मागे पडते आणि शहर सरस्वतीच्या काठी, तिच्या खान नदीशी होणाऱ्या संगमाजवळ, वसलेले असल्याचे सांगितले जाते. इंदूरच्या मराठी व हिंदी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या 'खान नदी' हेच नाव ऐकू येत आले. गेल्या काही वर्षांत मात्र सरकारी कागदांत व वृत्तपत्रांत 'कान्ह' हे रूप रूढ झाले आहे.

नव्या रूपाचे समर्थन दोन प्रकारे केले जाते. एक असे की, मूळ नाव श्रीकृष्णाचे, म्हणजे 'कान्ह'. उच्चार ढिला होऊन त्याची 'खान' झाली. दुसरे असे की, हा सर्व घोटाळा रोमन लिपीचा आहे. रोमन अक्षरांत 'ख' लिहिण्यास के आणि एच लागतात व 'न्ह' लिहिण्यास एन आणि एच. लेखनिकाच्या हातून एक एच पुढचा मागे सरकला की 'कान्ह'ची 'खान' होऊन बसते. ही दुसरी उपपत्ती चतुर आहे, यात शंका नाही. परंतु खेड्यातील माणूस आपल्या नदीला हाक मारतो ती इंग्रजी नकाशा वाचून नव्हे. सांवेरकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आम्ही 'खान' हेच रूप ऐकले आहे, आणि त्यांच्यातील पुष्कळांना रोमन अक्षराची ओळखही नाही. शिवाय हिंदीत 'खान' म्हणजे मराठीतील 'खाण' असाही अर्थ आहे. खान म्हटले की कोणी सरदार वा सुभेदारच डोळ्यांपुढे आणला पाहिजे, अशी सक्ती भाषा करीत नाही.

नावांच्या व्युत्पत्तीत मोहाची स्थळे फार असतात, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ती ओळखली पाहिजेत. 'कटकी' हे नाव वाचताच जुन्या मराठीतील 'कटक', म्हणजे लष्कर, हा शब्द आम्हांस आठवला, आणि होळकरांच्या छावणीशी त्याची गाठ मारावी असे क्षणभर वाटले. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर उभारलेली अशी गाठ ओढताच सुटते. तसेच दुसरे उदाहरण कृष्णपुऱ्याचे. नदीकाठची ही वस्ती, तिचे नाव कृष्णाचे, आणि नदीही कान्ह! पुढील काळातील एखादा संशोधक या दोहोंचा संबंध जोडील, तर त्यास दोष देता येणार नाही. वस्तुतः कृष्णपुरा हे नाव कृष्णाबाईसाहेब होळकर यांच्या स्मृतीचे आहे. त्यांची, तसेच दुसरे तुकोजीराव व शिवाजीराव या महाराजांची छत्री तेथे नदीवर उभी आहे. नाव कसे पडले हे माहीत असण्याइतका तो काळ जवळचा आहे, म्हणूनच येथे चूक टळते; नदीच्या बाबतीत तो काळ दूर गेला आहे.

एका नदीला दोन नावे असणे हा आपल्याकडे अपवाद नाही. भीमा पंढरपुरात शिरली की चंद्रभागा होते, आणि वारकऱ्याला त्यात काही विसंगत वाटत नाही. खानापूर तालुक्याच्या डोंगरातून निघालेली म्हादई गोव्यात खाली उतरून मांडवी होते. हैदराबादची मूसा पुराणाभिमानी मंडळींच्या लेखी मुचकुंदा आहे. खुद्द आमच्या शहराचेच पाहा. इंद्रेश्वराच्या देवळावरून पडलेले नाव मराठी माणूस 'इंदूर' म्हणून उच्चारतो, हिंदी माणूस 'इन्दौर' म्हणतो, आणि इंग्रजांनी आपल्या जिभेप्रमाणे त्याचे तिसरेच काही केले. तरी कोणाचे पत्र चुकीच्या गावी गेले नाही. तेव्हा 'खान' म्हणावे की 'कान्ह', या वादात आम्हांस फारसा जीव दिसत नाही. ज्याला जे रूप प्रिय असेल ते त्याने वापरावे. आम्हांस चिंता वाटते ती तिसऱ्या नावाची. ते नाव कोणत्याही ठरावाने दिलेले नाही, कोणत्याही नकाशावर छापलेले नाही, तरी सर्वांत अधिक वापरात आहे. ते नाव म्हणजे 'नाला'.

मराठीत वाहत्या पाण्याच्या पायऱ्या आहेत. झरा, ओहोळ, ओढा, नाला, नदी असा तो चढता क्रम. गोव्या-कोकणात त्यांतच 'व्हाळ' येतो. माळवी बोलीत लहान प्रवाहाला 'खाल' म्हणतात, आणि इंदूरच्या 'पीलियाखाल' या नावात तो शब्द अजून टिकून आहे. यांतला कोणताही शब्द मुळात निंदेचा नाही. ओढा हा ओढा म्हणूनच प्रिय असतो. परंतु जी नदी होती तिला नाला म्हणणे हे निराळे. ती पदावनती आहे. ती केव्हा झाली, याचा शोध घेण्यासाठी शहराने पाणी कोठून घेतले हे पाहावे लागते.

एके काळी या शहराने नदीकडे तोंड केलेले होते. जुने इंदूर, हरसिद्धीचे देऊळ, पंढरीनाथ ही सारी ठाणी नदीच्या आश्रयाने आहेत. राजघराण्याने आपल्या छत्र्यांसाठी नदीकाठ निवडला. १८८६ च्या सुमारास ज्याचे बांधकाम सुरू झाले व १९२१ पर्यंत चालले, तो लालबाग राजवाडाही नदीकाठीच उभा राहिला. त्याचा मुदपाकखाना पलीकडच्या तीरावर असून दोहोंमध्ये पात्राखालून भुयारी वाट आहे. ज्या प्रवाहाची दुर्गंधी येते त्याच्या काठी कोणी राजवाडा बांधीत नाही. म्हणजे त्या वेळेपर्यंत तरी ती नदीच होती.

परंतु धोक्याची चाहूल तेव्हाच लागली होती. स्कॉटलंडचे नगरशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने पाचारण केले, आणि १९१८ साली त्यांनी शहराच्या रचनेविषयीचा आपला अहवाल दोन खंडांत सादर केला. नदीचे काठ स्वच्छ करून तेथे बागा फुलवाव्या, आणि शहराचा मैला पाण्यात लोटण्याऐवजी जमिनीला द्यावा, म्हणजे शहर निरोगी होईल व मातीही कसदार होईल, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९२४ साली, याच इंदुरात वनस्पतिउद्योगाची संशोधनसंस्था निघाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातील टाकाऊ पालापाचोळा व शेण यांपासून उत्तम खत करण्याची जी रीत बसविली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली गेली. त्या विषयावरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड या मराठी संशोधकाचेही नाव आहे. घाण मातीला द्यावी, पाण्याला नको, हा धडा ज्या शहराने जगाला दिला, त्यानेच तो स्वतःच्या नदीबाबत विसरावा, यासारखा दैवदुर्विलास नाही.

विसर पडण्याचे कारण दुष्टपणा नव्हे; सोय हे होय. शहर वाढले, तशी विहिरी व तलाव यांवर भागेना. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंतसागर झाला आणि पिण्याचे पाणी शेजारच्या नदीतून येऊ लागले. पुढे १९७८ साली मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून सुमारे सत्तर किलोमीटर नळ टाकून, विंध्याची चढण चढवून, नर्मदा इंदुरात आणली गेली. त्या दिवशी शहराने जो आनंद मानला तो योग्यच होता. पाण्यासाठी रात्र रात्र जागणाऱ्या बायांना विचारावे म्हणजे त्याचे मोल कळते. परंतु त्याबरोबर खानेची गरज संपली. ज्या नदीचे पाणी प्यावयाचे नाही, तिच्यात काय सोडले जाते याकडे कोण पाहणार? नर्मदेचे पाणी घराघरांत वापरले जाऊन, मलिन होऊन, खानेच्या पात्रात उतरू लागले. भूगोलाच्या दृष्टीने हा एक विलक्षण चमत्कार आहे. निसर्गाने पश्चिम समुद्राला नेमून दिलेले पाणी माणसाने डोंगरावर चढविले, आणि ते आता खान, क्षिप्रा, चंबळ, यमुना या मार्गाने पूर्व समुद्राकडे जाते. पूर्वी उन्हाळ्यात जिची डबकी होत, ती नदी आता बारमाही झाली. पण ते बारमाहीपण शहराच्या मोऱ्यांचे आहे. याच काळात केव्हा तरी 'नदीवर जाणे' हा शब्दप्रयोग इंदूरच्या बोलण्यातून गेला व 'नाल्याकाठी' हा आला.

शहराबाहेर मात्र चित्र पालटते. सांवेरच्या बाजूस नदीच्या दोन्ही काठांनी गहू, बटाटा, लसूण, कांदा, भाजीपाला यांची शेते आहेत. माळव्याच्या काळ्या मातीचा लौकिक मोठा. पावलोपावली पाणी असणारा मुलूख म्हणून त्याची ख्याती. पण विहिरींचे पाणी खोल गेल्यावर रब्बीच्या पिकाला जवळचा आधार उरतो तो नदीचा. शेतकरी मोटार लावून तेच पाणी उचलतो. ते कसे आहे हे त्याला आपल्याहून चांगले ठाऊक असते. फेस त्याला दिसतो, वास त्याला येतो, पायाला खाज त्याच्या सुटते. एका वृद्ध शेतकऱ्याजवळ बांधावर आम्ही बराच वेळ बसलो होतो. पाण्याविषयी त्याने पुष्कळ तक्रारी सांगितल्या, शहराला चार शब्दही सुनावले. परंतु त्या सर्व बोलण्यात 'नाला' हा शब्द एकदाही आला नाही. त्याच्या लेखी ती बिघडलेली असली तरी नदी होती. जो पाणी वापरतो तो नाव राखतो. जो पाणी टाकतो तो नाव टाकतो, असे आम्हांस तेथे वाटले.

उज्जैनीच्या संगमावर या कथेचा शेवटचा अध्याय चालू आहे. त्रिवेणीच्या घाटावर शनीचे देवस्थान असून शनिवारी येणाऱ्या अमावास्येला तेथे स्नानाची मोठी गर्दी होते. भाविकांना क्षिप्रेचे पाणी हवे, खानेचे नको. म्हणून २०१६ च्या सिंहस्थापूर्वी राघौपिपल्यापासून कालियादेहापर्यंत मोठा नळ टाकून खानेचे पाणी संगमाला वळसा घालून खाली सोडण्याची व्यवस्था झाली. क्षिप्रेला पाणी मिळावे म्हणून त्याआधी, २०१४ साली, तिच्या उगमाशी नर्मदेचे पाणी सोडण्यात आले होते. तरीही जानेवारी २०१९ मधील शनैश्चरी अमावास्येस घाटावर पाणी नव्हते आणि यात्रेकरूंना चिखलात स्नान करावे लागले. त्यावरून मोठा गहजब होऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या. पुढे २०२८ च्या सिंहस्थाकरिता जमालपुऱ्याजवळून बंद कालव्याने व भुयाराने हे पाणी गंभीर नदीत नेण्याची योजना आखली गेली. योजनेच्या कागदांवर नदीचे नाव 'कान्ह' असे शुद्ध करून लिहिलेले आहे. नाव देवाचे दिले, आणि देवाच्या दारी तिला मज्जाव केला! संगम हेच ज्या नदीच्या आयुष्याचे सार्थक, तिला संगमाआधीच भूमिगत करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही, ही गोष्ट नामकरणाचा आनंद मानणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

तथापि सर्वच निराशेचे आहे असे नाही. स्वच्छतेच्या कामात इंदुराने जो लौकिक मिळविला तो सर्वश्रुत आहे. कबीटखेडीस मैलापाणी शुद्ध करण्याची मोठी केंद्रे झाली. खान व सरस्वती यांत उघड्यावर पडणारी हजारो मोऱ्यांची तोंडे बंद करण्यात आली. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या स्वच्छता-सर्वेक्षणात 'वॉटर प्लस' हा दर्जा मिळविणारे इंदूर हे देशातील पहिले शहर ठरले. संगमावर अजून वळसा घालावा लागतो, यावरून काम किती बाकी आहे ते कळते. पण जे झाले तेही लहान नाही. ज्या दिवशी सांवेरच्या शेतकऱ्याच्या पायाला खाज सुटणार नाही, त्या दिवशी ते पुरे झाले असे म्हणता येईल.

आमच्यासारख्या अध्यापकाच्या हाती कालवे नाहीत, केंद्रे नाहीत. शब्द तेवढे आहेत. ग्वाल्हेरची स्वर्णरेखा, हैदराबादची मूसा, बडोद्याची विश्वामित्री यांच्या काठी राहणाऱ्या आमच्या बांधवांनीही आपापल्या शाळांतून हाच प्रश्न विचारून पाहावा, आणि मुले काय उत्तर देतात ते लिहून ठेवावे. पुढच्या पिढीच्या इतिहासकाराला तो मोलाचा पुरावा होईल. आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. दरवर्षी पावसाळा संपला की भूगोलाचा एक तास कृष्णपुऱ्याच्या पुलावर घ्यावयाचा. सरस्वती कोणत्या बाजूने येते, ती कोणाला मिळते, मिळालेले पाणी कोठे जाते, आणि त्या पाण्यावर कोणाची शेते आहेत, हे मुलांनी वहीत काढावयाचे. नकाशावर नाव 'खान' लिहिले तरी गुण मिळतात, 'कान्ह' लिहिले तरी मिळतात. मात्र त्यापुढे 'नदी' हा शब्द असलाच पाहिजे.